अंगवळणी पडलेले मौन

१९ व्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटिया मजुराची एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जाई. दुखणे लपविण्याची सवय तेव्हापासून घराण्यांत मुरली असल्यास नवल नाही. परंतु त्यांचे जे वंशज आज बहारीनमध्ये नांदत आहेत, त्यांना ही सवय महाग पडेल.

स्तनाच्या कर्करोगावरील काही नवी लक्ष्यवेधी औषधे, उदाहरणार्थ २००७ साली अमेरिकेत मान्यता पावलेले लॅपॅटिनिब, कर्कपेशींना वाढीचा मिळणारा संदेश अडवितात. त्वचेलाही तोच संदेश लागतो. म्हणून चेहऱ्यावर व छातीवर मुरमांसारखे पुरळ उठते, अंग कोरडे पडते, नखांच्या कडा सुजतात. बहारीनच्या उन्हात हा दाह अधिकच जाणवतो.

हे पुरळ संसर्गजन्य नव्हे. तरीही लोकलज्जेस्तव एखादी भगिनी हळदीकुंकवास जाणे टाळते, क्वचित मुकाट्याने औषधही सोडते. वस्तुतः योग्य मलम, उन्हापासून जपणूक व जरूर तर डॉक्टरांनी बदललेली मात्रा यांनी हा त्रास बहुधा आटोक्यात येतो.

म्हणून पुरळ दिसताच ते डॉक्टरांस दाखवावे. आणि कुंकू त्वचेस सोसत नसले तरी समाजाने तिला मानाने पाटावर बसवावे. पूर्वी दुखणे सांगितल्याने मजुरी जाई. आज न सांगितल्याने उपचार हातचा जातो.