हूल द्यायला जागा हवी

मोटारसायकलवरून भरधाव सुटायचं, शेजारच्याला लाथ घालायची, साखळी उगारणाऱ्याच्या हातातली साखळीच हिसकावून त्याच्यावर उलटवायची. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या चाळिशीतल्या कुणालाही एवढं सांगितलं तरी तो ‘रोड रॅश’चं नाव घेईल. १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रासाठी निघालेला हा खेळ १९९६ मध्ये विंडोजवर आला आणि एका सीडीवरून दुसरीवर कॉपी होत भारतभरच्या सायबर कॅफेंत आणि कॉम्प्युटर क्लासांत पोचला. त्याची चित्रं आज बाळबोध वाटतात. रचनेतलं शहाणपण मात्र आजच्या कित्येक मोबाइल गेममध्ये शोधूनही सापडत नाही. साखळी ज्याच्या हातात तो वरचढ, पण ती उगारण्याच्या नेमक्या क्षणी तोच कचाट्यात सापडायचा. ठोसा वेळेवर बसला की हत्यार आपलं.

वाहनांवरून लढायच्या खेळांचा सगळा जीव इथे आहे. हत्यार कितीही जबर असो, ते ज्याच्यावर सुटलं त्याला काहीतरी करता आलं पाहिजे. बेळगावकरांना हे वेगळं समजावायला नको. आनंदवाडीच्या कुस्ती-आखाड्याभोवती दाटीवाटीने बसणाऱ्या प्रेक्षकाला डाव आणि तोड दोन्ही दिसत असतात. तोडच नसलेला डाव कुणाला सापडला असता, तर कुस्ती बघायला कोण आलं असतं?

‘ट्विस्टेड मेटल’ हा या प्रकारातला १९९५ चा गाजलेला खेळ. तो बनवणाऱ्या सॉल्ट लेक सिटीतल्या सिंगलट्रॅक कंपनीतली मंडळी त्याआधी सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीत होती. या मालिकेतली क्षेपणास्त्रं नीट पाहण्यासारखी आहेत. होमिंग क्षेपणास्त्र गाडीचा माग काढत वळत येतं, म्हणून त्याचा दणका हलका. फायर क्षेपणास्त्र जरासंच वळतं, दणका मध्यम. पॉवर क्षेपणास्त्र नाकासमोर सरळ जातं, चुकलं तर वाया, आणि लागलं तर समोरच्याची दाणादाण. म्हणजे नेम यंत्रावर सोपवलात तर मार कमी, आणि मार मोठा हवा असेल तर नेम स्वतः साधायचा. गाड्यांनाही तोच न्याय. मिस्टर ग्रिमची मोटारसायकल चपळ, तिचं खास हत्यार भयंकर, पण चिलखत इतकं पातळ की थोडक्या दणक्यांत कारभार आटोपला. १९९६ च्या दुसऱ्या भागात बटणं ठरावीक क्रमाने दाबून गाडीला उडी मारता यायची, ढाल घेता यायची, समोरच्याला गोठवताही यायचं. त्यासाठी लागणारी ऊर्जा संपली, की मात्र ती पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागे. ही मर्यादा फार मोलाची होती. चुकवणं फुकट आणि अमर्याद झालं तर जड गाडी घेणाऱ्याने नुसतं धूर काढत फिरायचं आणि चपळ गाडीवाला कुणाच्या हाती लागायचा नाही.

बड्या कंपन्यांनाही हे गणित पहिल्या फटक्यात जमलेलं नाही. निन्टेन्डोच्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये निळं काटेरी कवच आलं, ते थेट पहिल्या नंबरच्या गाडीवर जाऊन आदळणारं. मागे पडलेल्या पोराला त्याने दिलासा मिळाला, पण पुढच्याने सगळी शर्यत नीट चालवूनही त्याच्या हाती काही उरलं नाही. ते कवच फोडणारा भोंगा कंपनीने २०१४ च्या ‘मारिओ कार्ट ८’ मध्ये दिला. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये तोफखान्याचं तसंच झालं होतं. दूर कोपऱ्यात उभं राहायचं, आकाशातून खाली पाहत नेम धरायचा आणि समोरच्या रणगाड्याला काही कळायच्या आत त्याचा चुराडा करायचा. एप्रिल २०१७ मध्ये हा गेम बनवणाऱ्या कंपनीने तोफखान्याचा मारा कमी केला आणि एका संघात जास्तीत जास्त तीन तोफा अशी मर्यादा घातली. २०२१ मध्ये तोफगोळा येत असल्याची आगाऊ सूचना देणारं कौशल्यही रणगाड्याच्या कमांडरला मिळालं. चुका झाल्या, पण त्या कबूल करून दुरुस्तही झाल्या.

खरी काळजी आजच्या फुकट म्हणून उतरवून घ्यायच्या कित्येक मोबाइल गेमची आहे. नेम आपोआप लागतो, क्षेपणास्त्र आपोआप वळतं, आणि त्याहून जबर क्षेपणास्त्र दुकानात पैसे मोजून मिळतं. समोरच्याला चुकवायला वाव ठेवला तर विकत घेतलेल्या हत्याराची किंमत उतरते, म्हणून तो वावच काढून टाकायचा! ही खेळणाऱ्या पोरांची फसवणूक आहे. कौशल्याने हरलेला मुलगा पुन्हा सराव करतो. पाकिटाने हरलेल्या मुलापुढे दोनच वाटा उरतात, खेळ सोडणं किंवा आईकडे पैसे मागणं.

सीमाभागातल्या मुलांची आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांत रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं. कोगनोळीच्या टोलनाक्याच्या आसपास फोन कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. अशा ठिकाणी पिंग, म्हणजे फोनचा संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांवर जाणं नवलाचं नाही. डोळ्यांना धोका दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. दोन्ही मिळून जवळजवळ अर्धा सेकंद गेला. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एका एसटीच्या लांबीहून जास्त. हत्याराची सूचना जर जेमतेम अर्धा सेकंद आधी मिळत असेल, तर फायबर जोडणीवर खेळणारा मुंबईचा मुलगा चुकवील आणि खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचा मुलगा दरवेळी मरेल. दोघांची चपळाई सारखीच असली तरी हेच होणार. सूचनेचा अवधी सेकंद-दीड सेकंदाचा ठेवला तर हा अन्याय बराच कमी होतो. गेम बनवणाऱ्याला हे अवघड नाही, फक्त त्याच्या चाचणीत जांबोटीचा फोन असायला हवा.

या भागात गेमची चर्चा मात्र एकाच अंगाने होते. सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकतीत पबजीवरून झालेल्या वादातून मुलाने वडिलांचा खून केल्याची बातमी देशभर गेली. त्या धक्क्यानंतर घराघरांत बंदीची भाषा सुरू झाली, आणि पालकांची भीती कुणीही समजून घ्यावी अशीच होती. पण बंदी म्हणजे गेमची पारख नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. ते योग्यच झालं. तरी एखाद्या गेममधलं हत्यार चुकवता येतं की नाही, ते कायदा तपासणार नाही. मुलाने किती तास खेळ केला हे विचारणाऱ्या पालकाने तो हरला तो कशाने, हेही विचारावं. उत्तर ‘माझा नेम चुकला’ असेल तर खेळ बरा आहे. ‘त्याच्याकडे विकतची तोफ होती’ असं असेल तर तो गेम फोनवरून काढून टाकावा.

दुसरं काम इथल्या कॉलेजांचं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, गोगटे इन्स्टिट्यूटसारखी जुनी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस’सारखा गेम २०२४ मध्ये बाजारात आणून दाखवलेला आहे. कर्नाटकाने अॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण २०१२ मध्येच आखलं, महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये आखलं. शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकच रस्ता, तीन गाड्या आणि पाच हत्यारं एवढाच गेम करायला द्यावा. रस्ता निपाणीजवळच्या स्तवनिधी घाटाचा घ्यावा, वळणं भरपूर आहेत. प्रत्येक हत्याराचा दणका, वेग, वळण्याची ताकद आणि सूचनेचा अवधी यांचा तक्ता करून गेम खानापूरच्या आणि निपाणीच्या पोरांच्या हाती द्यावा, आणि कोणतं हत्यार किती वेळा चुकवता आलं याची नोंद ठेवून आकडे बदलत जावेत. याला मोठं भांडवल लागत नाही. एक सत्र आणि खेळायला उत्सुक पोरं पुरतात, आणि पोरांची तर इथे कमतरता नाही.