गरिबाचें सकस अन्न

सकस खाणें गरिबास परवडत नाहीं, असें जाफराबाद तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी बंधु म्हणतात. आमचें मत थोडें निराळें आहे.

पूर्वीं शेतांत ज्वारी, बाजरी व तुरीचे तास असत. आज कापूस, सोयाबीन व मका यांनीं बहुतेक रान व्यापिलें आहे. सुगींत तूर विकावी आणि पुढें चढ्या दरानें डाळ आणावी, हा व्यवहार तोट्याचा होय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस माणशीं ५ किलो धान्य मिळतें, व २०२३ पासून तें मोफत आहे. परंतु त्यानें पोट भरलें, तरी डाळ-भाजीची उणीव राहतेच. ज्वारीच्या प्रथिनांतील उणेपणा डाळ भरून काढिते. बाजरींत लोह असतें, व जेवणांत लिंबू असल्यास तें अंगीं अधिक लागतें. बांधावरील घोळ व तांदुळजा यांस दाम पडत नाहीं. मात्र तणनाशक फवारल्यास त्याही गेल्या.

दूध व फळें महाग आहेत, आणि भूमिहीन मजुरास हा उपाय लागू नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. त्याच्यासाठीं स्वस्त धान्य दुकानांत डाळ नियमित मिळालीच पाहिजे. पण ज्यास जमीन आहे, त्यानें येत्या पेरणींत चार तास तरी घरच्या लेंकरांसाठीं राखावे.