शनिवार तेल्यांचा ठिय्या

1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये काही मराठी भाषक कुटुंबे बायकामुलांसह ठिय्या देऊन बसली होती. त्यांची मागणी एका वाक्यात सांगता येण्याजोगी होती : आम्ही ज्यू आहोत, हे मान्य करा. ज्यूंच्या एकमेव राष्ट्रात, ज्यूंनीच ज्यूंकडे ही मागणी करावी, याचे नवल वाटते. परंतु अल्पसंख्य समाजाने मिसळून जावे की वेगळेपण जपावे, या आपल्याकडील नित्याच्या वादाला या प्रसंगातून जेवढा उजेड मिळतो, तेवढा तात्त्विक चर्चेतून क्वचितच मिळेल.

हे लोक कोकणातले बेने इस्रायल. जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, पेणकर. वर्षारंभाचा सण त्यांच्याकडे ‘नव्याचा सण’ झाला. स्त्रिया मंगळसूत्र घालू लागल्या, विधवाविवाह थांबले, गोमांस वर्ज्य झाले. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. त्यांचे रोजच्या व्यवहारातले नाव सामाजी हसाजी. एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रचली गेली. आणि हे सर्व होत असताना सुंता, शनिवारचा विसावा आणि ‘शेमा’ ही प्रार्थना यांपैकी काहीही सुटले नाही.

येथे आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. ज्यू म्हणून त्यांचा छळ या गावांनी कधी केला नाही. तरीही हे स्वीकारणे कोणत्या प्रकारचे होते, तेही पाहावे. गावाने त्यांना एक जात मानले, तेल्यांच्या पंक्तीला बसविले आणि तेथेच ठेवले. कोणी त्यांना श्रद्धा सोडायला सांगितले नाही. पण रोटी-बेटीचा प्रश्नही उद्भवला नाही. जातीची उतरंड त्यांनीही उचलली. ज्यांची आई ज्यू नव्हती त्यांच्या संततीला ते ‘काळे इस्रायल’ म्हणत आणि ‘गोऱ्यां’पासून दूर ठेवत.

खरा धक्का धर्मबांधवांकडूनच बसला. बगदादहून आलेले धनिक ज्यू मुंबईत स्थिरावले, आणि 1836 मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत त्यांच्या व बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. कोकणी माणसासारखे दिसणाऱ्या या मंडळींचे ज्यूपण त्यांना संशयास्पद वाटत होते. मेलेल्या माणसालाही शेजार नको असेल, तर जिवंतांनी कोणाकडे आशेने पाहावे?

स्वातंत्र्यानंतर हजारो बेने इस्रायल नव्या इस्रायलमध्ये गेले. निरनिराळ्या देशांतून आलेल्या ज्यूंचे एकजिनसी राष्ट्र घडविण्याची तेथील राज्यकर्त्यांची आकांक्षा होती. बीरशेबा परिसरात वसविलेल्या काहींना भेदभावाचा असा अनुभव आला की त्यांनी 1951 मध्ये आंदोलन करून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि शंभराहून अधिक जण परतलेही. पुढे 1962 मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची, विशेषतः मातृकुळाची, चौकशी करावी. इतकी शतके दूर राहिलेल्या या समाजाने घटस्फोटाचे धर्मनियम पाळले असतील काय, हा संशय. कोठे शुद्धीसाठी धार्मिक स्नानाची अटही पुढे आली.

बेने इस्रायलांनी नकार दिला. स्नान करून प्रश्न मिटला असता, असे व्यवहारी माणूस म्हणेल. पण ते स्नान म्हणजे आपले आजी-आजोबा अशुद्ध होते असा कबुलीजबाबच ठरला असता. मिसळण्याला त्यांचा विरोध नव्हताच. ते तर हिब्रू शिकत होते, सैन्यात जात होते. पूर्वजांना नाकारून मिळणारा प्रवेश तेवढा त्यांना नको होता. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले आणि रब्बींनाही आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले.

आपल्याकडे ‘समरस व्हा’ असे अल्पसंख्यांना सांगताना आपणही नेमके काय मागतो, हे एकदा ठरवायला हवे. भाषा, भूमी, सुखदुःखातला सहभाग मागत असू, तर शनिवार तेल्यांनी तो न मागता दिला. त्याहून अधिक मागत असू, तर आपल्यात आणि त्या रब्बींत फरक तो काय? उलट बाजूही आहे. वेगळेपणाचा केवळ राजकीय भाव वसूल करणारे पुढारी प्रत्येक समाजात असतात, आणि त्यांच्यामुळे सच्च्या माणसाचीही मागणी संशयास्पद ठरते. बेने इस्रायलांना तो मार्ग कधी सुचला नाही. महाराष्ट्रात अल्पसंख्याक दर्जाही ज्यूंना 2016 मध्येच मिळाला, तेव्हा मागे उरली होती अवघी काही हजार माणसे.

अलिबागजवळ खंडाळे येथे एक खडक आहे. एलियाहू पैगंबर तेथे उतरले, त्यांच्या रथाच्या खुणा दगडावर उमटल्या, असे बेने इस्रायल मानतात. इस्रायलमध्ये जन्मलेली, मराठी तोडकीमोडकी येणारी मुलेही तेथे येतात, आणि आजीने सांगितल्याप्रमाणे पोहे, गूळ, खोबरे व फळे मांडून मलिदा करतात.