व्यसनमुक्ती उपचारांच्या खर्चाबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : व्यसनावरील उपचारांना आरोग्य विमा व शासकीय योजनेचे संरक्षण मिळण्याबाबत.

दारू व अमली पदार्थांचे व्यसन सोडवण्याचा खर्च बहुतेक कुटुंबे पदरमोड करून भागवतात. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना आगाऊ रक्कम भरावी लागते. त्यासाठी घरातले सोने गहाण पडते, बचत गटाचे कर्ज निघते, ऊसतोड मजूर मुकादमाकडून आणखी उचल घेतो. कमावता माणूस आत असेपर्यंत रोजगार बुडतो. घरी आल्यावर औषधे आणि दर तपासणीचे एसटीभाडे सुरूच राहते. व्यसन उलटणे हा या आजाराचाच भाग असल्याने हे सगळे पुन्हाही करावे लागते, आणि तोवर गहाण सुटलेले नसते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था हा मानसिक आजारच आहे. कलम २१(४) प्रमाणे अशा आजाराला शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे. तरीही विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत क्रमांक १२ वर व्यसनावरील उपचार आणि व्यसनाचे परिणामही आले. कायद्याने दिलेले संरक्षण पॉलिसीतल्या एका ओळीने काढून घेतले जाते, हे अन्यायाचे आहे.

याची झळ थेट वॉर्डात लागते. क्लेम नाकारला जाईल या भीतीने नातेवाईक डॉक्टरांना विनवतात, ‘केसपेपरवर दारूचं लिहू नका.’ मग पाय मोडून दाखल झालेल्या रुग्णाला दोन-तीन दिवसांत थरकाप सुटतो, फिट येते, भास होतात; दारू अचानक तुटल्याची ही लक्षणे कारण ठाऊक नसल्याने वेळेत ओळखली जात नाहीत. यात जीव जाऊ शकतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात; दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक.

सबब, हा अपवाद रद्द करण्यासाठी राज्य शासनाने विमा नियामकाकडे लेखी आग्रह धरावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब पाच लाखांचे संरक्षण आहे; त्यातून दारू तोडण्याच्या काळातील दाखल उपचार, त्यानंतरचे पुनर्वसन आणि किमान वर्षभराचा पाठपुरावा विनारोख मिळावा. व्यसन उलटल्यास पुन्हा दाखल होण्यास हरकत घेऊ नये. नोंदणीकृत खासगी केंद्रांना दरपत्रक दर्शनी भागात लावणे व प्रत्येक रकमेची पावती देणे सक्तीचे करावे. विनानोंदणी केंद्रांवर कारवाई व्हावी. मद्यावरील उत्पादन शुल्कातला ठरावीक हिस्सा जिल्हा रुग्णालयांतील व्यसनमुक्ती खाटा, मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशकांची पदे यांसाठी राखून ठेवावा आणि त्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच करावी.

प्रत : मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य