आधीं मोजणी, मग करार

हिंदी महासागरांत सेशेल्स नांवाचें शंभराहून अधिक बेटांचें एक लहानसें राष्ट्र आहे. त्याची वस्ती आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीहि नाहीं. ह्या राष्ट्रानें २०२१ सालीं जगापुढें असें जाहीर केलें कीं, आपल्या किनाऱ्यालगतचीं समुद्रगवताचीं कुरणें व खारफुटीचीं वनें यांपैकीं निदान निम्मीं २०२५ पर्यंत व सर्व २०३० पर्यंत सुरक्षित करावयाचीं, आणि तीं जो कर्ब सांठवून ठेवितात तो राष्ट्राच्या हिशेबांत जमेस धरावयाचा. नुसत्या अंदाजावर ही जमा मांडतां येत नाहीं. म्हणून उपग्रहांच्या छायाचित्रांवरून समुद्रतळाच्या कुरणांचा नकाशा काढण्यांत आला, आणि पाण्यांत बुड्या मारून तळाचा गाळ वर आणून त्यांतील कर्ब मोजण्यांत आला. कर्बवायु कोठून हवेंत जातो आणि कोठें पुन्हां जिरतो, हें त्या लहान राष्ट्रानें आपलें आपण पाहून ठेविलें.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस ह्या हकीकतीशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे, व तें निकडीचें आहे. केंद्र सरकारनें २०२३ सालीं कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली, आणि जानेवारी २०२४ मध्यें कृषि मंत्रालयानें शेतीक्षेत्रांतील ऐच्छिक कार्बन बाजाराची रूपरेषा प्रसिद्ध केली. जमिनींत कर्ब वाढवा, त्याबद्दल पैसे मिळवा, असें सांगणारी मंडळी शेतकऱ्यांकडे येऊं लागली आहेत. कल्पना वाईट नाहीं. परंतु आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, गांवानें आपल्या कर्बाचा नकाशा स्वतः काढून ठेविल्याखेरीज कोणाहि शेतकऱ्यानें अशा करारावर सही करूं नये.

प्रथम जमेची बाजू पाहूं. आपल्या जमिनीचा काळा रंग पाहून तींत कर्ब भरपूर असावा असें पुष्कळांस वाटतें. हा समज बरोबर नाहीं. चिकणमातीच्या बारीक कणांशीं थोडेंसें सेंद्रिय द्रव्य घट्ट जडलें तरी जमीन काळीभोर दिसते. तपासणींत सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.५० हून कमी निघाल्यास जमीन ‘कमी’ वर्गांत व ०.७५ हून अधिक निघाल्यास ‘जास्त’ वर्गांत धरतात. रंग काळा आणि वर्ग ‘कमी’, असा मेळ मुळींच अशक्य नाहीं. दुसरी अडचण चुनखडीची. चुनखडींतहि कर्ब असतो, पण तो पिकास पोसणारा सेंद्रिय कर्ब नव्हे. तपासणींत ह्या दोहोंची गल्लत झाली तर निकस रानहि कागदावर श्रीमंत दिसेल.

मृद आरोग्य पत्रिका घरांत आहे, मग आणखी मोजणी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्यें सुरू झाली. तिच्या आरंभींच्या पद्धतीप्रमाणें बागायतींत अडीच हेक्टरांस एक व कोरडवाहूंत दहा हेक्टरांस एक असा मातीचा नमुना घेतला जात असे. खताचा साधारण अंदाज करण्यास तेवढें पुरतें, पण कर्बाच्या व्यवहारास पुरत नाहीं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. तेवढ्यांत आमच्याकडे डोंगरउताराची मुरमाड जमीन, मधली मध्यम जमीन आणि नाल्याकांठची भारी जमीन अशा तिन्ही जाति सांपडतात. गोदाकांठच्या पैठणची माती खुलताबादच्या माळाला लागू नाहीं, आणि अजिंठ्याच्या रांगेखालील सोयगांवची दोहोंनाहि नाहीं.

येथें थोडें गणित करून पाहावें. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचें वजन सुमारें ८०० टन भरतें. त्यांतील सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.४० वरून ०.५० वर गेला, तर एकरीं सुमारें ०.८ टन कर्ब वाढला, म्हणजे हवेंतील जवळजवळ ३ टन कर्बवायु जमिनींत आला. पैसे मिळावयाचे ते ह्या एक दशांश टक्क्याचे. एकाच शेतांत वरच्या व खालच्या बांधामध्यें याहून अधिक फरक पडूं शकतो. पहिला नमुना चांगल्या जागेचा व पुढचा हलक्या जागेचा घेतला गेला, तर चार वर्षें शेणखत घालूनहि वाढ शून्य दिसेल. उलट प्रकारें घेतला गेला, तर कांहीं न करतां वाढ दिसेल व पुढें ती परत मागितली जाईल.

आतां खर्चाची बाजू. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें पावणेतीन किलो कर्बवायु हवेंत जातो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत सुमारें २१ किलो नत्र असतें. त्याचा अल्पसा अंश नायट्रस ऑक्साइड नांवाच्या वायूच्या रूपानें उडून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु वजनास वजन कर्बवायूच्या सुमारें २७३ पट उष्णता अडवितो. हा अंश सरसकट शेंकडा १ धरण्याची रीत आहे. त्याप्रमाणें एका गोणीमागें सुमारें ९० किलो कर्बवायूइतका बोजा शेतकऱ्याच्या नांवें पडतो. परंतु कोरड्या हवामानांत हा अंश शेंकडा अर्धाच धरावा, अशी सुधारणा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें २०१९ सालीं सुचविली आहे. दुसऱ्याच्या ओल्या देशाचें माप आमच्या कोरडवाहूस लावलें, तर न केलेला दोष आमच्या माथीं दुप्पट बसेल. स्वतःची नोंद हवी ती यासाठीं.

खर्चांतील सर्वांत टाळतां येण्याजोगी बाब पऱ्हाट्यांची आहे. शेंदरी बोंडअळीच्या भयानें त्या पेटवून देण्याचा प्रघात आहे, आणि तें भय खोटें नाहीं. परंतु जाळल्यानें कर्ब हवेंत जातो व नत्रहि जातें. कुट्टी करून खड्ड्यांत कुजविल्यास अळीचा आसरा मोडतो आणि खत हातीं येतें. जनावरांच्या रवंथाचा मिथेन वायु खर्चांत धरावा लागेल. पण त्यांचें शेणखत व बांधावरचे कडुनिंब, बाभूळ, आंबा हीं जमेसहि धरलीं पाहिजेत.

मापाचें महत्त्व ह्या शहरास नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं. १६१० सालीं खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरानें जमिनीची प्रत व तिचें उत्पन्न पाहून धारा ठरविण्याची पद्धत घातली, आणि तिची कीर्ति अद्याप सांगितली जाते. तेव्हां प्रश्न धाऱ्याचा होता, आज कर्बाचा आहे. ज्याच्या हातीं माप, त्याच्या हातीं मोल, हा न्याय मात्र बदललेला नाहीं.

करार पुढें आल्यास त्यांत चार गोष्टी पाहाव्या. नमुने किती, किती खोलीवरून व कोणासमक्ष घेणार? करार किती वर्षांचा, आणि मध्येंच दुष्काळ पडून कर्ब घटला तर तोटा कोणाचा? बटाईच्या रानांत मोबदला सातबाऱ्यावरच्या मालकास कीं घाम गाळणाऱ्यास? आणि नोंदींची मालकी कोणाची? उत्तर लेखी मिळत नसेल तर सही लांबणीवर टाकावी.

दोन वर्षांआड पाण्यासाठीं तळमळणाऱ्या शेतकऱ्यानें जगाच्या हवेचा हिशेब कां ठेवावा, असा आक्षेप येईल. जगांतील मोठा धूर आमच्या चुलींतून व नांगरांतून निघालेला नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु हा हिशेब जगासाठीं ठेवावयाचा नाहीं. सेंद्रिय कर्ब वाढलेली जमीन भुसभुशीत राहते, पाऊस मुरवून घेते व ओल अधिक दिवस धरते. क्रेडिटचा एक पैसा न मिळाला तरी पावसाच्या खंडांत पीक आठ दिवस अधिक तगलें, तर मोजणीचा खर्च फिटला असें समजावें.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गांवीं हलकी, मध्यम व भारी अशा रानांचा कच्चा नकाशा काढावा. उन्हाळ्यांत, पावसाआधीं, प्रत्येक प्रतीच्या रानांतून नागमोडी चालीनें पंधरा ठिकाणची माती एकाच खोलीवरून घेऊन एक नमुना करावा, व त्या जागांवर खुणा ठेवाव्या. सेंद्रिय कर्ब व चुनखडी हीं दोन्ही निरनिराळीं तपासून घ्यावीं. डिझेल, युरिया, जनावरें, झाडें व जाळलेला पालापाचोळा यांची नोंद एका वहींत करावी, आणि तीन वर्षांनीं त्याच खुणांवर तीच मोजणी पुन्हां करावी. ह्या कामीं परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ व जिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रें यांचा सल्ला मागावा. वही मात्र गांवाच्याच ताब्यांत असावी.

समुद्राच्या तळाचा हिशेब ज्यांनीं मांडला त्यांस बुड्या माराव्या लागल्या. आपणांस फक्त वीतभर खणावयाचें आहे. येत्या उन्हाळ्यांत निदान एका गांवीं तरी हें काम सभासदांनीं हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.