बालपणाचा सातबारा

१९८५ साली ‘व्हर्जिन टूर’ या आपल्या पहिल्या दौऱ्यात मॅडोना दोन गाण्यांच्या मधे धावत विंगेत यायची. तिथल्या अंधारात चोवीस वर्षांचा एक तरुण टॉवेल आणि पुढचा पोशाख घेऊन तयार असायचा. घामानं अंगाला चिकटलेले कपडे सोलून काढायचे, नवे चढवायचे, वर बोलणीही खायची आणि तिला पुन्हा दिव्यांच्या झोतात पाठवायचं, हे त्याचं काम. त्याचं नाव ख्रिस्तोफर चिकोनी. मॅडोनाचा सख्खा धाकटा भाऊ.

पुढं याच भावाच्या हाती तिनं बरंच काही सोपवलं. १९९०च्या ‘ब्लाँड अँबिशन’ दौऱ्याचा तो कलादिग्दर्शक होता, १९९३च्या ‘गर्ली शो’चा दिग्दर्शक. तिची घरंही त्यानंच सजवली. मग बिनसलं. आणि जुलै २००८मध्ये त्याचं ‘लाइफ विथ माय सिस्टर मॅडोना’ बाजारात आलं. ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं. लोकांनी रांग लावून विकत घेतलं, वाचलं आणि वाचून झाल्यावर लेखकाला घरभेदी ठरवलं. बहिणीच्या जिवावर मोठा झाला आणि तिचंच विकून खातोय, असा एकूण सूर.

हा सूर मला जरा घाईचा वाटतो. घरचं बाहेर काढलं हा गुन्हा असेल, तर आधी कुणी काढलं ते पाहू.

चिकोनी कुटुंब मिशिगन राज्यातलं, बाप इंजिनिअर, सहा मुलं. १ डिसेंबर १९६३ रोजी आई स्तनाच्या कर्करोगानं गेली, वय अवघं तीस. मॅडोना तेव्हा पाच वर्षांची होती, ख्रिस्तोफर तीन. काही वर्षांनी वडिलांनी घरकामाला असलेल्या बाईशी लग्न केलं आणि आणखी दोन मुलं झाली. आज हे सगळं आपल्याला माहीत आहे, ते कुणामुळे? १९८९चा ‘लाइक अ प्रेयर’ हा अल्बम मॅडोनानं आईला अर्पण केला. त्यात आईवर गाणं आहे, वडिलांवर आहे, भावंडांसकट सगळ्या घरावर आहे. वडिलांवरच्या गाण्याच्या व्हिडिओत आईचं मरणही येऊन गेलं. १९९१च्या ‘ट्रुथ ऑर डेअर’ या माहितीपटात ती आईच्या कबरीवर आडवी झालेली दिसते. त्याच चित्रपटात एका भावाचं दारूचं व्यसनही चर्चेला येतं. ख्रिस्तोफरला तो कबरीचा प्रसंग कमालीचा खटकला. आईचं मरण कॅमेऱ्यापुढं मांडलं गेलं, असं त्याचं म्हणणं. त्याची आणखी एक मोठी तक्रार अशी की, आपण समलिंगी आहोत हे आपण जगाला सांगण्याआधी तिनंच एका मुलाखतीत सांगून टाकलं.

आई सहा मुलांची गेली. जगाला ठाऊक आहे ती मात्र मॅडोनाची आई.

एकत्र घालवलेल्या बालपणाचा सातबारा काढला, तर त्यावर सगळ्या भावंडांची नावं निघतील. पण कसतो एकच, पीकही तोच नेतो आणि काही वर्षांनी गावाला वाटायला लागतं की जमीन त्याच्या एकट्याचीच. मग एखाद्या सहहिस्सेदारानं तलाठ्याकडे हरकत नोंदवली की गाव म्हणतं, बघा, कसा भांडकुदळ निघाला! आमच्याकडेही भावंडं जमली की एकाच प्रसंगाच्या तीन आवृत्त्या निघतात आणि ज्याचा आवाज मोठा, त्याची आवृत्ती भाच्या-पुतण्यांपर्यंत पोचते. मॅडोनाच्या घरात तर एकीचा आवाज स्टेडियमभर जात होता.

याचा अर्थ भावंडांनी लिहिलेलं प्रत्येक पुस्तक न्याय्य असतं, असा नाही. मायकेल जॅक्सनची बहीण ला टोया हिनं १९९१मध्ये घरातल्या छळाच्या कहाण्या सांगणारं पुस्तक लिहिलं. त्या काळात आपण केलेले काही आरोप तिनं नंतर मागे घेतले आणि व्यवस्थापक असलेल्या नवऱ्यानं ते आपल्याकडून वदवून घेतल्याचं सांगितलं. म्हणजे हरकत भावंडाच्या नावानं असली, तरी अंगठा कुणी धरून उठवला तेही पाहावं लागतं.

ब्रिटनी स्पिअर्सच्या घरात तर सगळं उलटं. तेरा वर्षं तिच्या आयुष्याचे आणि पैशांचे निर्णय कोर्टानं नेमलेले पालक घेत होते, त्यात तिचे वडील प्रमुख. ही पालकत्वाची व्यवस्था नोव्हेंबर २०२१मध्ये संपली आणि दोनच महिन्यांत धाकटी बहीण जेमी लिनचं आत्मचरित्र दुकानात आलं. ब्रिटनीनं जाहीर नाराजी दाखवली, तिच्या वकिलानं नोटीस पाठवली. विक्रीतला काही वाटा मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला द्यायचं ठरलं होतं, त्या संस्थेनं आधीच नको म्हटलं होतं. जेमी लिन स्वतः दूरचित्रवाणीवरची बालतारका. सोळाव्या वर्षी गरोदर राहिली आणि त्याचा बोभाटा जगभर झाला. म्हणजे तिच्याजवळ स्वतःचं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण या घरात तोंड बंद होतं ते थोरलीचं. तिचं स्वतःचं पुस्तक यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. तोवर धाकटीनं आपली बाजू मांडूनही घेतली होती.

तेव्हा माझा पहिला निकष सरळ आहे : माइक कुणाच्या हातात होता? तो ज्याच्या हाती कायम होता, त्याच्याविषयी भावंडानं लिहिलं तर मला त्यात गद्दारी दिसत नाही.

दुसरा निकष मला आपल्याकडच्या वाचनातून सापडतो. प्रसिद्ध गायिकेच्या सावलीत वाढलेल्या भावंडाचं पुस्तक मराठीतही आहे, मीना खडीकर यांचं ‘मोठी तिची सावली’. १९४२मध्ये वडील दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर तेराव्या वर्षात होत्या आणि पाठीवर चार भावंडं. जिनं घर ओढलं तिच्याविषयी धाकट्या बहिणीनं कृतज्ञतेनं लिहावं, हे स्वाभाविकच. पण आपल्याला एवढाच एक सूर चालतो, ही आपली अडचण. १९९०मध्ये सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा कितीतरी घरांत वाद झाले. लाडक्या पु. ल. देशपांड्यांविषयी त्यांच्या हयातीत, त्यांच्याच बायकोनं असं लिहावं? ते पुस्तक टिकलं, कारण सुनीताबाईंनी जी फूटपट्टी नवऱ्याला लावली तीच स्वतःलाही लावली. सांगणाऱ्यानं स्वतःला किती सूट दिली, हे मी आधी बघतो.

या निकषावर ख्रिस्तोफर काठावर पास होतो. आपली नशापाण्याची वर्षं तो लपवत नाही आणि काम, पैसा, ओळख हे सगळं बहिणीमुळे मिळालं हेही कबूल करतो. गोची वेगळीच आहे. पुस्तक नामवंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वेंडी ली यांच्या सोबतीनं सिद्ध झालेलं, आणि त्या धंद्याचं गणित पक्कं आहे. मॅडोना वजा केली तर ख्रिस्तोफरच्या आयुष्याला कुठला प्रकाशक आगाऊ रक्कम देणार? त्यामुळे ती पानापानावर हवीच. विंगेतून बाहेर यायचं म्हणून लिहिलेल्या पुस्तकातही भाऊ टॉवेल घेऊन उभाच राहतो, आणि आपणही ते तिच्यासाठीच विकत घेतो. घरभेद्याला नावं ठेवायची आणि त्यानं फोडलेल्या भिंतीतून आत डोकावायचं, हे आपल्याला एकाच वेळी छान जमतं.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी ख्रिस्तोफर कर्करोगानं गेला, त्रेसष्टाव्या वर्षी. आजारपणात दोघं पुन्हा जवळ आली होती. मॅडोनानं त्याच्यावर इन्स्टाग्रामवर लिहिलं, मनापासून लिहिलं. त्याच्या अभिरुचीचं कौतुक केलं आणि हेही नोंदवलं की, त्याची जीभ तिखट होती, ती कधी माझ्यावरही चालली, पण मी त्याला नेहमी माफ केलं. तिच्या दुःखावर मी शंका घेत नाही. पण कुणी कुणाला माफ केलं याचा हिशेबही अखेर तिनंच मांडला, तोही कोट्यवधी लोकांसमोर, आणि उत्तर द्यायला तो नव्हता. त्यानं २००८मध्ये हरकत नोंदवली नसती, तर त्या सातबारावर आज एकच नाव उरलं असतं.