ऑन, इन की ॲट?

बसमध्ये बसलात की इंग्रजीत ‘ऑन द बस’ आणि टॅक्सीत बसलात की ‘इन अ टॅक्सी’. विमान, आगगाडी, जहाज ही मंडळी ‘ऑन’च्या गोटातली, मोटार आणि लहान होडी ‘इन’च्या. शिक्षक यावर एक खूण सांगतात: ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं, तिथे ‘ऑन’. खूण बरी आहे. संध्याकाळच्या विरार लोकलला ती लावायला जाऊ नये, इतकंच.

वेळेचा घोळ याहून मोठा. सकाळी, रात्री, रविवारी, दिवाळीत असं म्हणताना मराठीचं काम एका सप्तमीवर भागतं. इंग्रजीत सकाळ ‘इन’ घेते, रात्र ‘ॲट’, रविवार ‘ऑन’. आणि रविवारची सकाळ म्हटलं की पुन्हा ‘ऑन’! इथे तर्कापेक्षा वहिवाटीचंच जास्त चालतं, आणि खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही ती एकसारखी नाही. लंडनचा माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, न्यूयॉर्कचा ‘ऑन’. फॉर्म ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’, आणि आपल्या बँकेच्या खिडकीवर ‘फिल अप’. ‘डिफरंट’नंतर फक्त ‘फ्रॉम’च यावं, ‘टु’ चालणार नाही, हा आग्रह इंग्लंडमध्ये जुना. इंग्रज कोशकार फाउलर यांनी १९२६च्या आपल्या प्रसिद्ध कोशात त्याला सरळ अंधश्रद्धा म्हटलं.

आपली प्रश्नपत्रिका मात्र साहेबापेक्षा सोवळी. वाक्यातून नेमका तो एवढासा शब्द उचलायचा, तिथे टिंबं ठेवायची आणि ‘गाळलेल्या जागा भरा’ म्हणून मुलांना कामाला लावायचं. अमेरिकन मालिका बघणाऱ्या पोराने ‘ऑन द वीकेंड’ लिहिलं की लाल फुली. त्यावर उपाय म्हणून रेन अँड मार्टिनमधल्या याद्यांची घोकंपट्टी. ‘गुड ॲट’, ‘अफ्रेड ऑफ’ या जोड्या खरं म्हणजे बोलण्या-वाचण्यात कानावर पडून बसतात. ‘मॅरीड विथ’ म्हणणाऱ्याला फिदीफिदी हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की मराठीत लग्न कुणा‘शी’च होतं, आणि चर्चाही एखाद्या गोष्टी‘बद्दल’च होते. म्हणून तर ‘डिस्कस अबाउट’ तोंडात बसतं. ते चूकच, पण त्यामागे अडाणीपणा नाही. मातृभाषेचं व्याकरण पक्कं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कस लावायचाच असेल तर जिथे अर्थ फिरतो तिथे लावा. ‘शाउट टु’ म्हणजे लांबून हाक मारणं, ‘शाउट ॲट’ म्हणजे अंगावर ओरडणं. ग्राहकाच्या बाबतीत ही गल्लत मेलमध्ये झाली तर लेखी खुलासा द्यावा लागेल. ‘थ्रो द बॉल टु हिम’ आणि ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ ही वाक्यं शेजारी-शेजारी छापा, आणि चेंडू कुणी झेलायचा अन् कुणी चुकवायचा, एवढंच विचारा.